फणसाशेजारचं घर

डोकं तापलेलं असताना कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, हात हलतो, असं माझ्या मामांनी मला स्टुडिओत घेतलं त्याच दिवशी बजावलं होतं. लिहिण्याबद्दल ते काही बोलले नव्हते. म्हणून हे तापल्या डोक्यानंच लिहितोय. संपादकांचा फोन आला, ‘आण्णा, दिवाळी अंक आहे, स्टुडिओतल्या गमतीजमती लिहा, लोक चवीनं वाचतात.’ गमती भरपूर आहेत, एक-दोन सांगतोही. पण यंदा जे डोळ्यांदेखत झालं ते पोटात ठेवून नुसत्या गमती सांगायला मी काही लग्नातला सूत्रसंचालक नाही.

मी बेळगावातल्या शहापूरचा, विणकराच्या घरातला. वडील, काका, आत्ते, सगळी मागावर. मला त्या खटखटीत झोप लागायची, पण काम जमायचं नाही. धागा तुटला की मी तो जोडायचं सोडून बघतच बसायचो. शेवटी वडिलांनी मला मामांच्या स्वाधीन केलं. मामांचा खडेबाजारात फोटो स्टुडिओ होता. पुढं तो माझा झाला. आता शटर बहुतेक बंदच असतं, पण रस्त्याकडची काचेची शोकेस अजून आहे आणि तिच्यातल्या नवऱ्या मुली आता आज्या झाल्या आहेत.

आमच्या धंद्यात फोटो काढणं हे निम्मंच काम. उरलेलं निम्मं म्हणजे टचिंग. मोबाईलवाल्या पिढीला सांगायला हवं, म्हणून सांगतो. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. माणसाच्या कपाळावरची सुरकुती निगेटिव्हवर पांढुरकी रेघ होऊन येते. ती निगेटिव्ह तिरक्या काचेवर ठेवायची, खालून उजेड घ्यायचा, पेन्सिलीला सुईसारखं टोक करायचं आणि त्या रेघेत श्वास धरून बारीक ठिपके भरायचे. छापल्यावर सुरकुती गायब. देवीचे व्रण, डोळ्यांखालचा काळेपणा, हनुवटीवरचा तीळ, सगळं मी पेन्सिलीनं पुसलंय. आमच्या टचिंगमुळं जमलेली लग्नं या गावात कमी नाहीत. मोडलेली माझ्या कानावर आली नाहीत एवढंच.

मोठी खाडाखोड असेल तर मात्र मूळ निगेटिव्हला हात लावायचा नाही. तिची दुसरी निगेटिव्ह करायची आणि काय घालायचा तो गोंधळ तिच्यावर घालायचा. मामांचा हा नियम मी आजतागायत मोडला नाही.

त्याचा फायदा सांगतो. निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी होते. वाटणीवरून धाकट्या भावाशी वाजलं. एक दिवस कुटुंबाचा ग्रुप फोटो घेऊन स्टुडिओत आले आणि म्हणाले, ‘ह्याला काढून टाका.’ काढला. भावाच्या जागी पडद्यावरचं कारंजं रंगवून भरलं. पण धाकट्यानं थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवलेला होता. चार बोटं कोटावर अशी बसलेली, की ती काढायला गेलं तर कोटच बिघडत होता. मी म्हटलं, ‘शेठ, बोटं राहतील.’ ते म्हणाले, ‘राहू द्यात, कोण बघतंय?’ सगळ्यांनी तेच बघितलं. घरी आलेला प्रत्येक पाहुणा विचारायचा, हा हात कुणाचा? काही वर्षांनी शेठ परत आले. खाली मान घालून म्हणाले, ‘आण्णा, भावाला आणा परत.’ मूळ निगेटिव्ह होती म्हणून आणता आला. फोटो हातात घेऊन त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा खोटं काय असतं हे मला कुणी शिकवू नये. जन्मभर तेच केलंय. पण आमच्या खोट्याला एक रीत होती. ज्याचा तीळ, त्यानं समोर बसून सांगायचं, ‘हा काढा.’ ज्याचा फोटो, त्याची मर्जी. तिऱ्हाइतानं येऊन दुसऱ्याचा तीळ काढायला सांगितला तर मामा त्याला पायरीवरूनच परत पाठवायचे.

आता प्रदर्शनाकडं येतो.

आमच्याकडं हेरेकर मास्तर म्हणून शाळेत चित्रकला शिकवणारे एक गृहस्थ होऊन गेले. मी त्यांना पाहिलं ते त्यांच्या अगदी म्हातारपणी. सुट्टी लागली की छत्री, घडीचं स्टूल आणि रंगांची पेटी घेऊन माणूस निघायचा. किल्ल्याचा खंदक, लोंढ्याचं स्टेशन आणि मागचे डोंगर, शहापूरच्या गल्लीत पसरलेला सुताचा ताणा, कणकुंबीकडचं रान, असं सगळं त्यांनी जलरंगात उतरवलं. नाव काही झालं नाही. चित्रं त्यांच्या मुलीनं, कुसुमताईंनी, मुलांसारखी सांभाळली. बेळगावातल्या एका गॅलरीनं ठरवलं, की मास्तरांची ही जुनी चित्रं भिंतीवर लावायची आणि प्रत्येकाशेजारी त्याच जागेचा आजचा फोटो लावायचा. फोटो मी काढायचे. कल्पना झकास होती, हे मी आजही म्हणतो. गॅलरीचे चेअरमन घरी आले, पेढे घेऊन आले. म्हणाले, ‘तेव्हा आणि आता, शेजारी शेजारी. लोकांनी बघून काय ते ठरवावं.’ हे शब्द त्यांचे आहेत. माझ्या पदरचे नाहीत.

मास्तर जिथं बसले तिथंच आपण बसायचं, हे या कामातलं खरं कौशल्य. त्यासाठी चित्रात एक जवळची आणि एक लांबची वस्तू शोधायची. दोन्ही आजही जागेवर असल्या पाहिजेत. मग डावीकडं सरका, उजवीकडं सरका, पुढं जा, मागं या, जोवर त्या दोन्ही चित्रातल्यासारख्या एका रेषेत येत नाहीत तोवर. लोंढ्याला मी डोंगराच्या खाचेवरून जागा शोधली. तरी काहीतरी चुकत होतं. मग ध्यानात आलं, मास्तर स्टुलावर बसायचे, मी उभा होतो. खाली बसलो आणि चित्र जुळलं. त्या वेळी मला जो आनंद झाला तो नवऱ्या मुलींचे फोटो काढून कधी झाला नव्हता.

कणकुंबीच्या अलीकडचं चित्र मात्र अवघड होतं. चित्रात उतारभर दाट रान, वर डोंगराची सोंड, डाव्या अंगाला एक फणस आणि फणसाला खेटून गवती छपराचं एक घर. रानावरून काय जागा सापडणार? मी चित्राची झेरॉक्स घेऊन वाडी-वाडी फिरलो. एका वळणावर फणस दिसला. ढोली पडलेला, पण तोच. आणि शेजारी घर. छपरावर आता पत्रा, पत्र्यावर निळा ताडपत्रीचा कागद, बाकी भिंती तिथंच. घराचा कोपरा आणि डोंगराची सोंड रेषेत आणली आणि मास्तरांची जागा मिळाली.

फक्त रान नव्हतं. मागचा सगळा उतार खरवडलेला, तांबडी माती उघडी, त्यातून नवा रस्ता आणि विजेच्या टॉवरांची रांग थेट सोंडेपर्यंत.

दारात कपडे वाळत घालणारी बाई माझ्याकडं बघत होती. ती जनाक्का. साठीच्या पुढची, कपाळावर मोठं कुंकू. मी झेरॉक्स दाखवली. तिनं ती हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

‘अगं बया! हे आमचंच घर की ओ! सासऱ्यांच्या टायमाचं. तवा गवताचं छप्पर व्हतं.’ मग आत तोंड करून ओरडली, ‘नागेश, भाईर ये रं, आपलं घर आलंय कागदावर!’

नागेश तिचा मुलगा. बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, सुट्टीला आलेला. दोघांनी मला बसवून कोरा चहा दिला, सुकवलेले गरे दिले. जनाक्काचे सासरे सांगायचे म्हणे, की एक शहरचा मास्तर छत्री घेऊन यायचा, दिवसभर बसायचा आणि जाताना तांब्याभर दूध पिऊन जायचा.

मी म्हटलं, ‘आक्का, रान कुठं गेलं?’

‘नेलं की त्यांनी.’ तिनं हात झटकला. ‘आनी आता आमच्या मागं लागल्यात. साहेब लोक येत्यात, म्हंत्यात, हितं घर नव्हतंच, तुमी काल-परवा येऊन बसलायसा, उठा. एवढं रान गेल्यालं दिसत न्हाय त्यास्नी, माझं घर तेवढं डोळ्यात खुपतंय.’

नागेश हळूच म्हणाला, ‘आण्णा, हे चित्र साहेबांनी बघितलं तर?’

माझ्या मनात तेच आलं होतं. प्रदर्शनाचं उद्घाटन त्या भागाचा कारभार बघणारे मोठे साहेब करणार होते, हे चेअरमननी मला अभिमानानं सांगितलं होतं. मी जनाक्काला म्हटलं, ‘त्या दिवशी या. जुनं चित्र आणि नवा फोटो शेजारी शेजारी लागणार. दोन्हीत फणस, दोन्हीत तुमचं घर. साहेबांना तिथंच दाखवू. कुणाला काही सांगायची गरजच पडणार नाही.’

मग ती पुन्हा दारात जाऊन उभी राहिली आणि मी खाली बसून फोटो काढला.

फोटो मी गॅलरीला दिले. मोठे प्रिंट काढायचं काम संतोषच्या लॅबकडं होतं. संतोष माझ्याच हाताखाली टचिंग शिकलेला, आता खडेबाजाराच्या टोकाला त्याची मोठी लॅब आहे, म्हणून मी निर्धास्त होतो. छोटे नमुने मी स्वतः बघून पसंत केले होते.

उद्घाटनाला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. लोंढा बघितलं, खंदक बघितला, सगळं झकास. मग कणकुंबीच्या भिंतीशी आलो.

माझ्या फोटोत रान होतं. हिरवंगार, थेट सोंडेपर्यंत. टॉवर नाहीत, रस्ता नाही, तांबडी माती नाही. एकाच झाडाचा झुबका उचलून ठिकठिकाणी चिकटवलेला, धंद्यातल्या माणसाला लगेच कळावा असा. आणि घर नव्हतं. फणस एकटाच उभा, खाली गवत. जनाक्काची कपड्यांची दोरी मात्र पुसायची राहिली होती. एक टोक फणसाला, दुसरं हवेत. खाली माझं नाव आणि वर ठळक अक्षरांत पाटी, ‘तेच रान, आजही’.

वाचकहो, एकदा शांतपणे बघा काय केलं ते. खरं काय होतं? रान गेलं आणि घर राहिलं. भिंतीवर काय होतं? रान राहिलं आणि घर गेलं. शेजारी मास्तरांचं चित्र, त्यात गवती छपराचं घर स्पष्ट. म्हणजे तिथं घर होतं, पण आता नाही, ही साक्ष माझ्या नावानं आणि मेलेल्या मास्तरांच्या नावानं भिंतीवर टांगली होती. जन्मात कुणी मला एवढं खोटं बोलायला लावलं नव्हतं.

मी चेअरमनना गाठलं. ते हार-तुऱ्याच्या गडबडीत होते. म्हणाले, ‘आण्णा, थोडं स्वच्छ करून घेतलंय. ते पत्रे, ती ताडपत्री, ते टॉवर, कसं दिसतं ते? साहेब येणार, बाहेरचे पाहुणे येणार. प्रदर्शन बघून माणसाला बरं वाटलं पाहिजे.’

‘तिथं माणसं राहतात,’ मी म्हटलं.

‘राहू देत की. कोण नको म्हणतंय? फोटोत कशाला?’

तेवढ्यात साहेब आले. दीप लागला, टाळ्या झाल्या. आणि दारातून जनाक्का आली. नवं लुगडं, डोक्यावर पदर, बरोबर नागेश आणि वाडीतल्या आणखी दोघी. मला बघून तिचं तोंड फुललं. मी पुढं होऊन तिला अडवायला हवं होतं, बाहेर नेऊन सांगायला हवं होतं, ते मी केलं नाही. ती सरळ मास्तरांच्या चित्रापाशी गेली. बायकांना दाखवलं, ‘हे बगा, सासऱ्यांचं घर.’ मग फोटोकडं वळली. दोरीवर बोट ठेवलं, फणसावर ठेवलं, खालच्या गवतावर ठेवलं.

‘आण्णा,’ ती हळू आवाजात म्हणाली, ‘ह्यात आमी न्हाय.’



साहेब फिरत फिरत तिथं आले. चित्र बघितलं, फोटो बघितला, आणि कन्नडमध्ये चेअरमनना म्हणाले, ‘पूर्वी इथं झोपडी होती, नाही का? आता निघाली. जंगलानं आपली जागा परत घेतली. उत्तम!’

जनाक्काला कन्नड कळतं. इथं कुणाला कळत नाही? ती पुढं झाली. ‘साहेब, घर हाय की ओ. म्या तितंच ऱ्हातोय. आज सकाळी तितनंच आलोय.’

मीही म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, ‘साहेब, घर आहे. रान नाही. हा फोटो माझा नाही.’

साहेबांनी पाटीवरचं माझं नाव वाचलं, माझ्याकडं बघितलं, आणि चेअरमन हसत मध्ये पडले, ‘सर, कलाकार माणूस, जरा भावुक आहेत. चहा तयार आहे.’ साहेबांनी जनाक्काला नमस्कार केला, अगदी हात जोडून, आणि चहाकडं गेले. एवढा सभ्य अपमान मी दुसरा पाहिलेला नाही. नागेशनं आईचा हात धरला आणि ती माणसं पायऱ्या उतरून गेली. चहासुद्धा कुणी विचारला नाही. मी पण नाही.

मी तडक संतोषच्या लॅबमध्ये गेलो. बोललो ते इथं छापता येणार नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान खाली घालून. मग म्हणाला, ‘आण्णा, तुमीच शिकविल्लासा न्हवं? गिऱ्हाइकाला पायजे तसं करून द्यायचं. मी बी तेच केलो.’

‘गिऱ्हाईक कोण रं?’ मी ओरडलो. ‘ज्याचा तीळ तो गिऱ्हाईक! त्या घरानं येऊन सांगितलं होतं का तुला, मला काढ म्हणून?’

त्यानं कॉम्प्युटरकडं तोंड वळवलं. मीच त्याला शिकवलेलं, पण अर्धंच त्याच्याजवळ राहिलं, याचा राग अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी कुसुमताई माझ्या दारात उभ्या. वय झालंय, काठीशिवाय चालवत नाही, पण रिक्षानं एकट्या आल्या. काखेत जुन्या साडीत गुंडाळलेली फ्रेम. गॅलरीत जाऊन त्यांनी मास्तरांचं ते चित्र स्वतः भिंतीवरून उतरवून आणलं होतं. चेअरमननी अडवलं, तर त्या म्हणाल्या होत्या, ‘माझ्या बाबांनी आयुष्यात न पाहिलेलं झाड काढलं नाही. त्यांना इथं खोट्याच्या शेजारी बसवू नका.’

मला त्या म्हणाल्या, ‘आण्णा, खरा फोटो आहे ना तुमच्याकडं?’

मूळ फोटो होता. मामांचा नियम होता ना. मी दुसऱ्या लॅबमधून मोठा प्रिंट काढून आणला, शोकेस उघडली, आज्या झालेल्या नवऱ्या मुलींना हात जोडून बाहेर काढलं आणि तिथं दोन्ही लावली. डावीकडं मास्तरांचं रान आणि घर. उजवीकडं उघडा उतार, टॉवर, फणस, पत्र्याचं घर आणि दारात बाई. खाली पाटी नाही. गॅलरीत शहरातले निवडक लोक जातात, खडेबाजारातून सगळं गाव जातं. लोक थांबतात. भाजीच्या पिशव्या खाली ठेवून बघतात. कुणी म्हणतं, ‘हे आमच्या मावशीच्या गावाजवळचं.’ कुणी नुसतं चक् करतं. साहेब अजून आलेले नाहीत. चेअरमननी मात्र फोन केला होता, शोकेसमधलं काढा म्हणून. मी म्हटलं, शोकेस माझी आहे, तुमच्या भिंतीसारखी ती पाहुण्यांना बघून रंग बदलत नाही.

परवा बाजाराला जनाक्का आली. नागेशनं सांगितलं असणार. काचेसमोर उभी राहिली, चित्र बघितलं, मग फोटो. काचेला नाक लागेल एवढी जवळ गेली.

‘ही दारात उभी हाय ती मीच न्हवं?’

‘तुम्हीच आक्का.’

‘व्हय की, मीच.’ ती हसली. मग जरा निरखून म्हणाली, ‘आण्णा, तोंड लई काळं आलंय ओ. लोक बगत्यात. तुमाला येतंय म्हंत्यात, जरा गोरं करून देताय काय?’

हेच ते. ज्याचं तोंड, तोच समोर उभा राहून सांगत होता. नियमाप्रमाणं मला हो म्हणायलाच हवं होतं. मी म्हटलं, ‘करतो की आक्का, आजच करतो.’ आणि शोकेसची चावी काढली.

तिनं माझा हात धरला. फोटोतल्या त्या काळ्या, एवढ्याशा तोंडाकडं परत एकदा बघितलं.

‘नगो, ऱ्हाऊ दे,’ ती म्हणाली. ‘तेवढं केलासा तर साहेब म्हणतील, ही बाई दुसरीच कोन तरी.’